राजीनामा नसलेली नोकरी : पाचगणीच्या तरुणांसाठी आपल्याच इतिहासातले काही धडे

पाचगणीत जून लागला की हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या होतात आणि त्या खोल्या झाडणारी माणसेही रिकामी होतात. एप्रिल-मेच्या गर्दीत दिवसरात्र राबलेला रूम बॉय, भांडी घासणारी मावशी, बंगल्याचा माळी यांच्यापैकी कितीतरी जण पहिल्या मोठ्या पावसात घरी बसतात. दिवाळीला पुन्हा बोलावणे आले तर आले. अशा तरुणाला कोणी ना कोणी सल्ला देतोच : अरे, आत्मविश्वास वाढव, इंग्रजी सुधार, तुझी आवड ओळख, तुझे करिअर तुझ्याच हातात आहे.

हा सल्ला खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. तो अर्धा आहे. ज्यांच्या बापजाद्यांना काम निवडता येत होते, त्यांच्यासाठी तो पुरेसा असेल. आपल्या समाजासाठी काम बदलणे ही कधीच एकट्याची, खाजगी गोष्ट नव्हती. त्यासाठी अर्ज लिहावे लागले, परिषदा भरवाव्या लागल्या, कायदेमंडळात विधेयके मांडावी लागली, गावाचा बहिष्कार सोसावा लागला. हा इतिहास करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरात सांगितला जात नाही, म्हणून आम्ही तो इथे मांडतो आहोत.

आधी पाचगणीपासूनच सुरुवात करू. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि ताईघाट या पाच गावांच्या मधल्या डोंगरमाथ्यावर हे गाव इंग्रजांनी वसवले. महाबळेश्वरचा पावसाळा साहेबांना सोसवेना, म्हणून वर्षभर राहता येईल अशी थंड हवेची जागा त्यांना हवी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन या इंग्रजाच्या देखरेखीखाली बंगले उभे राहिले, परदेशी झाडे लागली. बंगला आला की त्याची सेवा करणारे हात लागतात. चेसनने शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, बांधकामाचे ठेकेदार यांना येऊन राहण्यास उत्तेजन दिले आणि बाजाराच्या खालच्या अंगाला त्यांना जागा दिली. तेच गावठाण. वर बंगले आणि खाली सेवेकरी, हा पाचगणीचा मूळ नकाशा आहे. नंतर निवासी शाळा आल्या, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम आले, हॉटेले आली. वरची माणसे बदलत गेली. खालच्याने वर जाऊन राबायचे आणि संध्याकाळी खाली यायचे, हा क्रम मात्र फारसा बदलला नाही.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातली नोकरी ही आपल्या अनेक पूर्वजांसाठी सुटकेची वाट होती. कारण गावातली जी 'नोकरी' त्यांच्या वाट्याला आली होती, तिच्यात राजीनामाच नव्हता.

ती नोकरी म्हणजे महारकी. १८७४ च्या मुंबई इलाख्याच्या वंशपरंपरागत हक्कांच्या, म्हणजे वतनांच्या, कायद्याने या जुन्या गुलामीला सरकारी शिक्का बसला. वतनदार महाराने सरकारचे आणि गावाचे काम करायचे. काम कोणते? त्याची यादी नाही. निरोप पोचवणे, सरकारी वसूल तालुक्याला नेणे, साहेबाच्या पुढे धावणे, गावात मयत झाले की परगावी सांगावा नेणे. वेळ कोणती? दिवसाचे चोवीस तास. पाळीचा माणूस आजारी असेल तर घरातले दुसरे कोणी जायचे, म्हणजे एकाच्या नावावरच्या चाकरीला सारे कुटुंब बांधलेले. मोबदला काय? इनाम जमिनीचा पिढ्यानपिढ्या वाटण्या होऊन उरलेला तुकडा, सरकारकडून किरकोळ रोख रक्कम आणि रयतेच्या मर्जीवरचे बलुते. सुगीत बलुते मागायला खळ्यावर उभे राहायचे. कुळंबी रागावलेला असेल तर तेही नाही. आज ज्याला आपण जॉब डिस्क्रिप्शन, कामाचे तास आणि पगाराची तारीख म्हणतो, त्या तिन्ही गोष्टी महारकीत नव्हत्या.

बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन'मध्ये एक अर्थशास्त्रीय मुद्दा मांडला आहे, त्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. उद्योगधंदे सतत बदलत असतात. एका धंद्याची मागणी घटली की माणसाला दुसऱ्या धंद्यात जाता आले पाहिजे. जात त्याला जाऊ देत नाही, म्हणून देशातल्या बेकारीचे एक थेट कारण जात आहे. म्हणजे काम बदलण्याचा प्रश्न बाबासाहेबांच्या विचाराच्या काठावर नाही, मध्यभागी आहे.

आणि त्याचा पहिला धडा त्यांना आपल्याच सातारा जिल्ह्यात मिळाला. सुभेदार रामजी आंबेडकर लष्करातून निवृत्त झाल्यावर घरी बसले नाहीत. लष्करी शाळेत शिकवलेला हा माणूस पुढे खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल झाला. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तिथे सरकारने तलावाचे खोदकाम काढले होते. मुले साताऱ्याला होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीवा साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

१९०१ च्या सुट्टीत ही मुले वडिलांकडे निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. मुले महार आहेत हे कळताच एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि आपण बाजूने पायी चालणार. हा प्रसंग आपण अपमानाचा म्हणून ऐकतो आणि तो तसा आहेच. पण त्यात कामाचाही एक धडा आहे. गाडी हाकणे हाच ज्याचा धंदा, तो दुप्पट पैसे मिळत असतानाही स्वतःचा धंदा करायला तयार नाही. पैसा आला, बाजार आला की जात आपोआप विरघळते असे सांगणाऱ्यांनी मसूरचा तो गाडीवाला डोळ्यासमोर आणावा.

रामजींना जी वाट मिळाली, ती त्यांच्या मुलांच्या पिढीसाठी आधीच बंद झाली होती. १८९२ च्या सुमारास 'लढवय्या जातीं'च्या धोरणाखाली सरकारने महारांची लष्करभरती थांबवली. लष्कर म्हणजे नुसता पगार नव्हता. तिथे शाळा होती, हुद्दा होता, पेन्शन होते आणि गावच्या पाटलाच्या हाकेपासून दूर जाता येत होते. हे दार बंद होताच आपल्या माणसांनी काय केले? नशिबाला दोष देत बसले नाहीत. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरतीसाठी अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा भरवली आणि लष्कर व पोलिसांत नोकऱ्या द्याव्यात असा अर्ज सरकारकडे धाडला. १९१० मध्ये त्यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवले. १९१७ मध्ये, महायुद्धात गरज पडली तेव्हा सरकारने महारांची पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, तेव्हा त्या पहिल्या अर्जाला जवळजवळ अर्धे शतक होत आले होते. एका नोकरीच्या अर्जाला एवढा काळ लागला. हा अर्ज एका माणसाचा असता तर तो कधीच फेटाळला गेला असता. तो समाजाचा होता, म्हणून टिकला.

हे शिवराम जानबा कांबळे पोटासाठी काय करत? पुण्याच्या मॅसॉनिक हॉलमध्ये ते बटलर होते. साहेबांच्या टेबलाशी उभे राहणारा हा माणूस इंग्रजी शिकला, अर्ज लिहू लागला आणि १९०८ मध्ये त्याने 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले. पाचगणीतल्या हॉटेलांत आज वेटरचे काम करणाऱ्या भावांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. बटलर असण्यात कमीपणा नव्हता. पण त्या कामातून जे शिकायला मिळाले, ते कांबळे यांनी मालकाच्या सेवेतच संपू दिले नाही.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले. गंगारामांनी हॉटेल काढले, नाव 'सत्यसुधारक'. स्वच्छ हॉटेल, चांगला चहा, पण सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही पाजू लागले. आजचे उद्योजकतेचे धडे देणारे म्हणतील की गंगारामांनी धाडस केले. केलेच. पण धाडसाला गिऱ्हाईक लागते, आणि जातीने गिऱ्हाईक अडवलेले असेल तर ते फोडायला सत्ता लागते. त्याच शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात महारकीची वतने रद्द करून जमिनी वतनदारांच्या नावे रयताव्याने करून दिल्या. एकाला चहाचे दुकान आणि सगळ्यांना वेठीतून मोकळीक, ही दोन्ही कामे त्यांनी बरोबरीने केली.

ब्रिटिश मुलखात मात्र वतन कायम होते. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. मागणी साधी होती. कामे ठरवा, बलुत्याचे पैशात रूपांतर करून ते सरकारमार्फत द्या, आणि ज्याला चाकरी सोडायची आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवू द्या. म्हणजे ठरलेले काम, वेळेवर पगार आणि राजीनाम्याचा हक्क. आज कोणत्याही साध्या नेमणूकपत्रात असते तेवढेच. विरोध इतका झाला की १९२९ मध्ये विधेयक मागे घ्यावे लागले. गावकामगारांची कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

पण आपला समाज कायद्याची वाट बघत थांबला नव्हता. १९२७ च्या महाडनंतर गावोगावी मेलेली जनावरे ओढणे बंद झाले. तेव्हा एका सवर्ण गृहस्थाने वर्तमानपत्रातून हिशेब मांडला की कातडे, हाडे, शिंगे यांचे उत्पन्न सोडून महार आपलेच पाचशे रुपयांचे नुकसान करून घेत आहेत. १९५६ मध्ये नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही हकीकत सांगितली. त्यांचे उत्तर असे होते की एवढा फायदा असेल तर हे काम तुम्ही करा, उत्पन्न तर तुमचेच, वर पाचशे रुपये मी माझ्या पदरचे देतो. पुढे कोणी आले नाही.

काम सोडताना आजही हाच हिशेब आपल्यासमोर मांडला जातो. बाप सफाई खात्यात होता, आता वारसा हक्काने जागा मिळते आहे, कायम नोकरी आहे, कशाला सोडतोस? आम्ही त्या कुटुंबांना दोष देणार नाही. कायम नोकऱ्या आटत चालल्या असताना हातातली एक जागा सोडून द्या असे सांगणे सोपे, सोसणे अवघड. पण प्रश्न विचारलाच पाहिजे : बापाच्या झाडूचा वारसा मुलाला देण्याचा आग्रह जेवढा सहज होतो, तेवढा त्याच कार्यालयातल्या खुर्चीबद्दल का होत नाही? वारस पदवीधर असेल तर त्याच्या शिक्षणाला शोभेल असे पद मागा. वारसा नोकरीचा असावा, झाडूचा असू नये. नाहीतर ते नव्या कागदावरचे जुने वतन ठरेल.

शहरात गेले, कारखान्यात शिरले की प्रश्न सुटला, असेही झाले नाही. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात होती. जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस आत घेई. जास्त पगाराच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामात, अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातून धागा ओढायला तोंड लावावे लागे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी दाखवून दिले की आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. म्हणजे नोकरी मिळवणे ही पहिली लढाई आणि नोकरीत वर सरकणे ही दुसरी.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. १९४५ मध्ये त्यांच्याच खात्याच्या अखत्यारीत युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे जाळे उभे राहिले, आणि पुढे ते सगळ्यांसाठी खुले झाले. आज एक्स्चेंजचे कार्ड म्हणजे चेष्टेचा विषय झाला आहे. पण त्यामागची कल्पना समजून घ्या. जागा कुठे आहे ही माहिती जॉबरच्या कानातून काढून सरकारी नोंदवहीत आणणे आणि अर्जदाराला 'कोणाचा कोण' असे न विचारता नोंदणी क्रमांक देणे, ही त्या काळी फार मोठी उडी होती.

त्यातल्या पळवाटाही पाहा. १९५९ च्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा कळवणे सक्तीचे केले, पण त्यातून शेतमजुरी, घरकाम, कार्यालयातले अकुशल काम आणि तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीचे काम वगळले. पाचगणीच्या नजरेने ही यादी वाचा. बंगल्यातले घरकाम, स्ट्रॉबेरीच्या शेतातली मजुरी, हंगामापुरती हॉटेलातली नोकरी. आपली माणसे जिथे सर्वात जास्त, नेमके तेच कायद्याच्या बाहेर. शिवाय कळवणे सक्तीचे, घेणे नव्हे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या एक्स्चेंजला 'करिअर सेंटर' म्हटले आहे. पाटी बदलली. दार किती उघडते ते पाहायचे.

खुल्या बाजारात गुणवत्ता चालते म्हणणाऱ्यांसाठी एकच अभ्यास पुरेसा आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटेवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण तेच, अनुभव तोच, फरक फक्त आडनावाचा. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांशच भरली. मुलाखतीतला आत्मविश्वास नंतरचा, आधी पाकीट तर उघडले पाहिजे!

मग पाचगणीतल्या, वाई-महाबळेश्वरकडच्या, साताऱ्यातल्या आपल्या तरुणाने काय करावे? इतिहासातून आम्हाला चार गोष्टी दिसतात.

पहिली, कागद. महारकी टिकली कारण कामाची यादी आणि मोबदला लेखी नव्हता. म्हणून हंगामी का असेना, नेमणुकीचा कागद, पगाराची पावती, पीएफचा नंबर आणि सोडताना अनुभवाचा दाखला मागा. चार वर्षे कुक म्हणून राबलेल्या माणसाकडे दाखला नसेल तर पुढचा मालक त्याला नवशिका ठरवून नवशिक्याचाच पगार देतो. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र जाहिरात निघाल्यावर धावपळ करून नव्हे, आधीच काढून ठेवा.

दुसरी, माहिती. जॉबर मेलेला नाही, तो आता ओळखीच्या आणि ठेकेदाराच्या रूपात आहे. त्याला उत्तर म्हणजे आपली सामूहिक नोंदवही. प्रत्येक बुद्धविहारात दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास जाहिराती वाचून दाखवल्या, अर्ज भरून दिले, बार्टीचे प्रशिक्षण आणि महात्मा फुले महामंडळाच्या कर्जयोजनांची माहिती दिली तर तेही चळवळीचेच काम आहे. नोकरीला लागलेल्या प्रत्येकाने आपल्या खात्यातली जागा वस्तीला कळवणे हे बाबासाहेबांचे ऋण फेडणेच आहे.

तिसरी, नकार. कोणते काम करणार नाही हे ठरवल्याशिवाय कोणते करायचे हे ठरत नाही. पण उपाशी माणसाला नकार परवडत नाही. म्हणून साताऱ्याच्या भूमीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली 'कमवा आणि शिका' ही रीत पुन्हा हाती घ्यावी लागेल. हंगामात कमवा, पावसाळ्याचे चार महिने शिकण्यासाठी राखा, आणि त्या चार महिन्यांचा घरखर्च चालावा म्हणून वस्तीची बचत उभी करा.

चौथी, संघटना. हंगामी कामगार एकेकटा मालकाकडे गेला की त्याला पुढच्या वर्षी बोलावणे येत नाही. सासवडला ५१ गावे जमली होती. इथे पाच गावांनी जमायला काय हरकत आहे? घरकामगार आणि हंगामी कामगार यांच्या जागांची नोंद व्हावी, सलग हंगामांचा अनुभव धरला जावा, ठेकेदारीतही आरक्षण असावे, या मागण्या एकट्याच्या तोंडी विनंती वाटतात. पाच गावांच्या तोंडी त्या हक्क होतात.

संविधानाच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला आवडीचा व्यवसाय करण्याचा हक्क दिला, २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली. ज्याने हे संविधान घडवले, त्याच्या वडिलांची नोकरी याच जिल्ह्यात होती. तेव्हा 'तुझे करिअर तुझ्या हातात' असे कोणी सांगितले तर त्याला नम्रपणे सांगा : हो, माझ्या हातात आहे, कारण माझ्या आज्याने ते गावाच्या हातातून ओढून घेतले. आता ते ठेकेदाराच्या हातात जाऊ द्यायचे नाही, एवढे काम आमच्या पिढीचे.

जय भीम!